जेवले का, ओव्हर

जळगाव जामोदच्या जानराव बगाडेंना कुणी वेळ विचारली, तर ते आधी मनगटावरचं घड्याळ कुणाच्या लग्नात मिळालं ते सांगत. मग त्या लग्नातल्या वांग्याच्या भाजीवर येत, भाजीवरून वांग्यावर, वांग्यावरून स्वतःच्या मळ्यावर, आणि घड्याळाकडे बघेपर्यंत विचारणाऱ्याची एसटी निघून गेलेली असे. बरं, त्या माणसाला राग तरी यावा! तोही येत नसे. गाडी चुकलेला माणूस हसत हसत जानरावांच्याच ओसरीवर बशीतून चहा पिताना दिसे, आणि जाताना पिशवीत दोन-चार वांगी घेऊन जाई.

गावाच्या उत्तरेला, जिथून सातपुडा अगदी हाताशी आल्यासारखा वाटतो, तिथं त्यांचा मळा होता. वांगी, मिरची, कांदा, आणि पाटाच्या कडेनं सांबार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. माणूस कष्टाळू. पण तोंडाला विसावा नाही. खुरपताना बायांशी बोलत, बाया घरी गेल्या की बैलांशी. बायको मंजुळाबाई कमी बोलत. कमी म्हणजे काय, घरात बोलायला जागाच शिल्लक नसे. त्यांनी लग्नानंतर पहिली दोन वर्षं वाट पाहिली आणि मग नाद सोडून दिला.

अशा माणसाच्या हाती परमेश्वरानं बिनतारी यंत्र द्यावं, यात माझ्या मते परमेश्वराचीच गंमत करायची इच्छा होती.

झालं असं, की आणीबाणी उठली त्या सुमारास जानराव बंद पडलेला ट्रान्झिस्टर घेऊन खामगावच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानाच्या माडीवर जिल्ह्यातल्या हौशी रेडिओवाल्यांचं मंडळ भरत असे. हौशी म्हणजे सरकारी परवाना काढून, घरी जुळवलेल्या यंत्रावरून देशोदेशीच्या अनोळखी माणसांशी बोलणारे लोक. पगार नाही, बक्षीस नाही, नुसती हौस. मंडळाचे प्रमुख होते हिंमतराव सुभेदार, फौजेच्या सिग्नल पलटणीतून निवृत्त झालेले. जानरावांच्या अगदी उलटा माणूस. आईच्या तेराव्याला ते एकूण दोन वाक्यं बोलले आणि त्यातलं एक 'बसा' होतं.

माडीवर सुभेदार हिंदीतून मंगळूरच्या एका डॉक्टरशी बोलत होते. ना तार, ना खांब, आणि खोलीत डॉक्टरचा आवाज! जानराव जिना चढून आत आले, दोन मिनिटं तोंड उघडं ठेवून उभे राहिले, आणि मग त्यांना राहवेना.

"सुभेदारसाहेब, त्याले पुसा ना, तथी वांगे कसे राह्यतात? काटेरी का बिनकाट्याचे?"

सुभेदारांनी जळजळीत नजरेनं पाहिलं. पण माइक चालू होता. पलीकडचा डॉक्टर हसला आणि म्हणाला, आमच्याकडे हिरवी होतात, चेंडूएवढी, गोल. जानराव मटकन बाकावर बसले. मंगळूरचं वांगं खामगावच्या माडीवर कळलं! त्या दिवशी या माणसाचा निकाल लागला.

मग परवान्याची परीक्षा आली. तिच्यात टकटकीची भाषा यावी लागे, एक छोटा टोला, एक लांब टोला, त्यातून अक्षरं. जानराव पळीनं ताटलीवर सराव करत. मोट गेली, इंजिन आलं, तर इंजिनाच्या ठेक्यातही त्यांना अक्षरं ऐकू येऊ लागली. मंजुळाबाईंनी गुपचूप एकदा नजर उतरवून पाहिली. तरी टकटक थांबेना. दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाले, दिल्लीहून परवाना आला, आणि त्या आनंदात बगाडेंनी अख्ख्या आळीला जिलबी घातली. कशाची जिलबी, ते आळीला कळलं नाही. सुभद्राबाई शेजारीण तर आशीर्वाद देऊन गेल्या, की यंदा तरी मुलगा होऊ दे. त्या वेळी जानराव पन्नाशीला आले होते.

यंत्र मंडळाच्या मालकीचं होतं, जानरावांकडे वापरायला दिलेलं. पत्र्याची पेटी, आत लाल तापणारे व्हॉल्व्ह, शेजारी लष्कराच्या भंगारातून आणलेला रिसीव्हर, खाली ट्रकची बॅटरी. एरियलची तार लिंबाच्या झाडापासून गोठ्यावरच्या बांबूपर्यंत ताणलेली. सुभद्राबाईंनी एकदा त्याच तारेवर ओली गोधडी वाळत घातली. जानराव दिवसभर खामगावला हाका मारत बसले आणि खामगावात काही पोचलं नाही. संध्याकाळी गोधडी वाळली, तेव्हा कारण समजलं.

आणि जावई? जावई त्यांना त्याच माडीवर मिळाला. वरवट बकालचे उत्तमराव सातव, शेतकरी, मंडळाचे सभासद, खाली मान घालून तारांना डाख देत बसलेले. जानरावांनी तासभर त्यांच्याशी गप्पा मारल्या. म्हणजे जानराव बोलले आणि उत्तमरावांनी ऐकलं. एवढं ऐकून घेणारा मुलगा पुन्हा मिळायचा नाही, हे बापानं ओळखलं आणि एकुलत्या एक आशाचं लग्न ठरवून टाकलं.

मग काय विचारता! लेक वरवटला गेली, पण रोज सकाळी जळगावहून वरवटला हाक जाऊ लागली. एरवी सभासदांना गप्पा मारायला मुभाच होती. जानरावांची हाक ठरलेली. यंत्राचा खटका दाबायचा आणि पहिलं वाक्य,

"जवाईबुवा, जेवले का? ओव्हर."

'ओव्हर' म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. सकाळी अंगणात ऊन यायच्या आधी कोण जेवतं? पण आमच्या भागात हा प्रश्न जेवणाबद्दल नसतोच मुळी. घर बरं आहे ना, माणसं धड आहेत ना, माझ्यावर राग नाही ना, एवढं सगळं त्या दोन शब्दांत विचारून होतं. हे झाल्याशिवाय पुढचं बोलणं म्हणजे चपला घालून देवघरात शिरणं. उत्तमराव म्हणत, "हाव मामाजी, जेवलो. तुमी?" मागून आशाच्या बांगड्या वाजत. ती परवान्याशिवाय यंत्रावर बोलू शकत नसे, म्हणून ती नुसत्या बांगड्या वाजवी. तेवढ्या आवाजावर मंजुळाबाईंचा दिवस जाई. लेकीच्या बांगड्या ऐकल्याशिवाय त्या चुलीपुढे बसत नसत.

आता मुख्य गोष्ट. वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, मंडळाचा मोठा सराव होई. पूर्णा नि वाण या नद्यांना पूर आला की टेलिफोनचे खांब आधी पडतात. मग उत्तरेकडच्या गावांशी बोलायचं कसं? तर यंत्रांची साखळी, कारण खामगावचा आवाज दिवसा थेट वरवटला धड पोचत नसे, संध्याकाळीच पोचे. खामगावचा निरोप जानराव घेणार, तो वरवटला देणार, वरवटचं उत्तर उलट खामगावला. सगळं लुटूपुटूचं. पण शिस्त फौजेची. निरोपाआधी 'सराव' म्हणायचं, मोजकं बोलायचं, घरगुती एक अक्षर नाही.

मागच्या वर्षीच्या सरावात काय झालं ते सांगायला नको, पण सांगतो. खामगावहून निरोप आला, की पुलावर पाणी, माणसं अडकली. जानरावांनी तो वरवटला द्यायच्या ऐवजी आधी जावयाची चौकशी केली, मग विहिणीच्या गुडघ्याची, मग वांग्यावरच्या किडीवर दोघांचा विचारविनिमय झाला. पुलावरची काल्पनिक माणसं तेवढ्यात काल्पनिक वाहून गेली. सुभेदार स्वतः एसटीनं जळगावला आले.

"जानराव," ते म्हणाले, "पुढच्या साली जिल्ह्याचे साहेब सराव पाहायले येऊन राह्यले. एक शब्द जास्त बोलले, त सेट खामगावले जमा."

आणि ते आल्या पावली निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

जानरावांची पाचावर धारण बसली. सेट गेला तर सकाळची हाक गेली. सकाळची हाक गेली तर बांगड्या गेल्या. मंजुळाबाईंनी इतक्या वर्षांत ह्या माणसाला कधी टोकलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "आवं, आता तोंडाले कुलूप लावा. माया पोरीचा आवाज घालवू नका."

झालं! जानरावांनी वर्षभर व्रत केल्यासारखी तयारी केली. लेकीला घोर नको म्हणून वरवटला या धमकीचं अवाक्षर कळू दिलं नाही. सरावाच्या दिवशी त्यांनी गालात अख्खी सुपारी धरली, जिभेला काम हवं म्हणून. आणि मंजुळाबाईंना शेजारी बसवून धोतराचा सोगा त्यांच्या हाती दिला. एक शब्द जास्त निघायला लागला, की ओढायचं.

खामगावहून निरोप आला. सुभेदारांचा आवाज, मागे साहेबांचं खाकरणं.

"जळगाव, खामगाव. सराव. पूर्णेले, वाणेले पूर. वरवटच्या लोकांना जळगावात हलवा. जेवणाची सोय करा. किती मानसं हलवले ते कळवा. ओव्हर."

अर्थात कुणी खरंच हलायचं नव्हतं. उत्तमरावांनी मनानं एक आकडा सांगायचा, तो खामगावला पोचला की सराव सफल. जानरावांनी छाती भरून घेतली आणि खटका दाबला.

"वरवट, जळगाव. सराव निरोप. घ्या. ओव्हर."

पलीकडून उत्तमराव, जरा बिचकून, "मामाजी, नमस्कार. जेवले का? ओव्हर."

जानरावांच्या ओठांवर 'हाव' आलं. सोगा ताणला गेला.

"निरोप घ्या. ओव्हर."

"मामाजी... मामीची तब्येत बरी हाय ना? ओव्हर."

आता जावयानं सासूची चौकशी करावी आणि सासऱ्यानं उत्तर देऊ नये! जानरावांच्या कपाळाला घाम सुटला, सुपारी या गालातून त्या गालात गेली, पण मंजुळाबाईंनी सोगा असा धरला होता, की धोतर सुटायची वेळ आली. त्यांनी डोळे मिटून अख्खा निरोप एका दमात म्हटला आणि खटका सोडला. एक शब्द जास्त नाही. चाळीस वर्षांत जमलं नाही ते त्या दिवशी जमलं. मंजुळाबाईंनी कौतुकानं त्यांच्याकडे पाहिलं.

वरवटहून उत्तर आलं नाही.

जानरावांनी पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. खामगावहून सुभेदार विचारत होते, "जळगाव, वरवटचा आकडा काय? ओव्हर." जानराव म्हणाले, "वरवट गप्प. ओव्हर." थोड्या वेळानं पुन्हा तेच. ऊन डोक्यावर आलं. साहेबांचा चहा झाला, दुसरा चहा झाला. जानराव हाक मारत राहिले आणि मनात म्हणत राहिले, इतकं सांभाळून बोललो, तरी सेट जाणार! मग बोलूनच का नाही घालवला?

वरवटला काय घडलं ते मागाहून कळलं. तिकडे उत्तमरावांनी कान देऊन निरोप ऐकला, पण त्यातला पूर त्यांच्या डोक्यात शिरलाच नाही. त्यांना एवढंच ऐकू आलं, की मामाजींनी 'जेवले का' विचारलं नाही. त्यांना वाटलं, अखजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, मी पुरणपोळीचा आग्रह मोडला, त्याचा राग धरला वाटतं. आशाला वाटलं, बाबा रागावले तर दुप्पट बोलतात, म्हणजे हा राग नाही, आई गेली. आणि उत्तमरावांची आई अन्नपूर्णाबाई, त्यांनी तर निकालच दिला.

"मयतीच्या घरचा मानूस असाच बोलते. मोजकं, कोरडं. उत्तम, ऊठ बापा, गाडी पाह्य."

मयतीच्या घरी चूल पेटत नाही, पहिला घास सोयऱ्यांनी न्यायचा असतो. अन्नपूर्णाबाईंनी शेजारणी गोळा केल्या. भाकऱ्या थापल्या, मोठ्या गंजात पिठलं हाटलं, ठेचा कुटला. शेजारच्या भगवंतरावांचा सरकीचा ट्रक रिकामा उभा होता, त्यात आळीच्या बाया-माणसं बसली. यंत्राजवळ कुणीही राहिलं नाही.

जानराव पुन्हा एकदा माइक हातात घेऊन खटका दाबत होते, "वरवट, वरवट, जळगाव—" आणि तेवढ्यात आळीच्या तोंडाशी बायांचा हंबरडा उठला. पुढे अन्नपूर्णाबाई. "माय वो! कसं झालं वो माय!" जानराव माइकसकट उठून उभे राहिले. खटक्यावरचा अंगठा तसाच.

मंजुळाबाई धावत दाराशी गेल्या. विहीण रडत येतेय म्हणजे वरवटला कुणी तरी गेलं! त्यांनीही गळा काढला आणि विहिणीच्या गळ्यात पडल्या. अन्नपूर्णाबाईंनी पाहिलं, विहीण तर जिवंत आहे. म्हणजे व्याही गेले! त्यांचा सूर आणखी चढला. दोघी एकमेकींना घट्ट धरून रडताहेत, आणि कोण गेलं ते एकीनंही दुसरीला विचारलं नाही. मागच्या पंधरा-वीस बाया त्यांना साथ देताहेत. सुभद्राबाई शेजारच्या दारातून बाहेर आल्या आणि काहीही न विचारता सामील झाल्या.

एवढ्यात माइकची वायर पुरेल तिथपर्यंत जानराव ओसरीवर आले.

अन्नपूर्णाबाई किंचाळल्या. आशा "बाबा!" म्हणून धावली. उत्तमराव ट्रकच्या फाळक्यावर पाय अडकून पडता पडता वाचले.

"कोन गेलं बे?" जानराव ओरडले.

"तुमच्या घरचं कोन गेलं?" अन्नपूर्णाबाई.

"आमच्या घरचं? तुमच्या घरचं कोन गेलं?"

सगळ्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. दोन्ही घरची माणसं मोजून झाली. कुणीच गेलेलं नव्हतं. अन्नपूर्णाबाईंनी डोळे पुसले आणि त्यांना एकदम राग आला, एवढं पिठलं हाटलं म्हणून.

आशा बापाच्या अंगावर हात फिरवून पाहत होती. "मंग बाबा, तुमी बोलले काऊन नाही? 'जेवले का' काऊन नाही इचारलं? माया जिवाचं पानी झालं!"

मग सुपारी थुंकली गेली. आणि वर्षभर कोंडलेले जानराव सुटले! मागच्या वर्षीचा सराव, सुभेदारांची धमकी, गालातली सुपारी, हातातला सोगा, सुभेदार चहासुद्धा न घेता कसे गेले, तो माणूस म्हणजे नुसतं वाळलेलं लाकूड कसं आहे, त्याच्या घरी बायको कशी नांदली ते देवालाच ठाऊक, सगळं सगळं. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. उत्तमराव मात्र सासऱ्याच्या हाताकडे पाहत होते. ते पांढरे पडले.

"मामाजी, खटका!"

खटका दाबलेलाच होता. हंबरड्यापासून वाळलेल्या लाकडापर्यंत सगळं खामगावच्या माडीवर साहेबांसमोर वाजलं होतं. आणि या यंत्राची तऱ्हा अशी, की इकडे खटका दाबलेला असेपर्यंत तिकडचं काही ऐकू येत नाही. सुभेदार तिकडे घसा कोरडा करून ओरडत असतील, पण इकडे काय!

जानरावांनी अंगठा उचलला. गेला सेट, ते मनात म्हणाले. मंजुळाबाई त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. पेटीतून आधी नुसतं हसणं ऐकू आलं. साहेब हसत होते. मग त्यांचाच आवाज आला.

"जळगाव, वरवटची किती माणसं तुमच्याकडे आली? ओव्हर."

जानरावांनी ट्रकाकडे पाहिलं. "साहेब, ट्रकभर. ओव्हर."

"जेवणाची सोय? ओव्हर."

"पिठलं-भाकर, ठेचा हाय. तुमी या ना साहेब, गरम हाय अजून. ओव्हर."

"मी पुष्कळ सराव पाहिले," साहेब म्हणाले. "माणसं कागदावर हलतात. वरवटची माणसं खरोखर हलली, तीही जेवण घेऊन. सराव सफल. ओव्हर."

आळीत एकच जल्लोष झाला. दारातच पंगत बसली. मयतीचं जेवण लोक लग्नाचं समजून जेवले. पण जानराव ताट बाजूला सारून पेटीशी जाऊन बसले. साहेब आज आले, उद्या गेले. सेटचा निकाल सुभेदारांच्या हाती होता.

सुभेदार दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आले. हातात रिकामी गोणी. जानरावांनी एरियलची तार सोडायला घेतली. मंजुळाबाई स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत. आशा रात्री माहेरीच राहिली होती. तिनं सुभेदारांपुढे चहा ठेवला आणि खाली मान घालून म्हणाली,

"काकाजी, बाबाचं चुकलं नाही. ते बोलले असते त आमी हाललो नसतो. त्यायची चूप आयकून आमाले समजलं, का काहीतरी खरं हाय."

सुभेदार कप तोंडाशी नेता नेता थांबले. मग सांगू लागले. त्यांच्या तोंडून एवढं सलग बोलणं जळगावात कुणी आधी ऐकलं नव्हतं, पुढेही फारसं ऐकलं नाही.

"फौजेत आमी टकटकीवरून मानूस ओयखत होतो. नाव सांगायची गरज नाही. हात बदलला, का समजावं, पलीकडं आपला मानूस नाही, नाहीतर तो संकटात हाय." त्यांनी चहा संपवला. "जानराव, तार बांधा परत. पुढच्या सरावापासून 'जेवले का' म्हनायचं. एकदाच. सरावात ते असलं पायजे. ज्या दिवशी नसन, त्या दिवशी सराव नाही, खरं हाय असं समजू."

आणि त्यांनी रिकामी गोणी वांग्यांनी भरून नेली. जानरावांनी त्यांना गाडीपर्यंत पोचवताना सातपुड्यापासून सिंहलद्वीपापर्यंत सगळं सांगितलं. सुभेदारांची परतीची गाडी चुकली.

त्यानंतर दोन पावसाळे तसे गेले. आशाला मुलगी झाली, बांगड्यांच्या जोडीला पेटीतून रडणंही ऐकू येऊ लागलं. आणि मग एका श्रावणात, भल्या सकाळी, जानरावांनी नेहमीप्रमाणे रिसीव्हर चालू केला, तर वरवट आधीच हाक मारत होतं.

"जळगाव, वरवट. वाणेचं पानी गावात. मानसं देवळाच्या माडीवर. नाव पाठवा. ओव्हर."

आवाज उत्तमरावांचा, पण 'मामाजी' नाही. 'जेवले का' नाही. मागे बांगड्या नाहीत.

जानरावांनी खटका दाबला आणि तेवढंच खामगावला दिलं, अक्षर जास्त नाही. पलीकडे सुभेदार ऐकत होते. 'जेवले का' आलं नाही, हे त्यांनी ऐकलं. त्यांनी 'सराव आहे का' असं विचारलंच नाही. "मिळालं," म्हणाले, आणि खटका सुटायच्या आत जिन्याकडे निघालेले त्यांचे बूट जळगावात ऐकू आले.

दिवसभर जानराव आपल्या पेटीसमोर होते, तिकडे उत्तमराव माळवदावर नेलेल्या पेटीसमोर. कुठल्या बाजूनं नाव घालायची, देवळात म्हातारी किती, दूधपिती पोरं किती, सगळं त्यांच्या तोंडून खामगावला गेलं आणि खामगावचं वरवटला. मंजुळाबाई शेजारी बसल्या होत्या. या वेळीही त्यांच्या हातात धोतराचा सोगा होता, पण त्या उलट्या कारणासाठी ओढत होत्या.

"इचारा ना वो. आशाचं इचारा. नातीचं इचारा. एक शब्द इचारा."

जानराव नुसती मान हलवत. एका वेळी एकच जण बोलू शकतो. आपण आपलं विचारलं तर तेवढा वेळ दुसऱ्याच्या लेकीची नाव थांबते. बडबड्या माणूस, पण हे त्याला कळत होतं. डोळ्यांतून पाणी मिशीत उतरत होतं आणि आवाज मात्र कोरडा खडखडीत. चूल पेटली नव्हती. चहाचं पातेलंही कुणी ठेवलं नव्हतं.

उन्हं कलली तसं पाणी उतरू लागलं. शेवटची नाव देवळातून निघाल्याचा निरोप आला, तो खामगावला गेला, आणि मग तिन्ही गावांत नुसती खरखर.

मग पेटीतून बांगड्या वाजल्या, मागे नातीचं रडणं. आणि पाठोपाठ, परवाना नाही, परवानगी नाही, सरळ आशाचा आवाज.

"बाबा, जेवले का? ओव्हर."

जानरावांनी खटका दाबला. तोंड उघडलं. आयुष्यभर ज्या माणसाला शब्द कमी पडला नाही, त्याच्या घशातून हवासुद्धा बाहेर येईना. मागे मंजुळाबाई हसत होत्या का रडत होत्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. अंगठा खटक्यावर तसाच होता. अखेर मंजुळाबाईंनी तो हळूच उचलला.

मग खामगाव बोललं. सुभेदार हिंमतराव, ज्यांनी जन्मात एक शब्द फुकट घालवला नाही, ते स्वतःचा नियम मोडून बोलले.

"पोरी, तुया बापाचा गळा दाटला हाय. सकाळपासून तो जेवला नाही. म्याबी नाही. तू सुखरूप हायेस, आता जेवतो आमी. ओव्हर."